वाचकांचे प्रश्न : काचेतल्या मेणबत्त्यांवरचे खड्डे, डाग आणि पांढरा फुलोरा

प्रश्न : दिवाळीसाठी मी काचेच्या ग्लासांत पॅराफिन मेण ओतून बारा मेणबत्त्या केल्या. सकाळी पाहते तो प्रत्येकीत वातीभोवती खड्डा पडलेला आणि काचेच्या आतून चंदेरी डाग उमटलेले. खड्डा भरण्यासाठी वरून मेण ओतले, तर त्याचा वेगळा थर दिसू लागला आणि थोडे मेण कडेने खाली उतरले. कुठे चुकले?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपल्या मेणात खोट दिसत नाही. ओतल्यानंतर ते थंड कसे झाले, यात या तक्रारीचे मूळ आहे. पॅराफिन घट्ट होताना आकसते आणि हे आकसणे थोडेथोडके नसते. आकारमानात सुमारे १० टक्के किंवा त्याहूनही अधिक घट येते. काचेला लागलेले आणि पृष्ठभागावरचे मेण आधी गोठते, मधले सर्वांत शेवटी, त्यामुळे जी तूट यायची ती सगळी वातीभोवती येते. थंडीत तुपाची बरणी गोठली की मधोमध खळगी पडते, तीही याच कारणाने.

खड्डा भरण्यासाठी दुसऱ्यांदा मेण ओतावेच लागते, पण त्याची वेळ आणि पातळी सांभाळावी लागते. पहिल्या वेळी सगळे मेण न ओतता थोडे मागे ठेवावे. पृष्ठभागावर साय धरली आणि बोट लावल्यास ती मऊ लागली, की लाकडी काडीने वातीच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी खोलवर टोचून आतली पोकळी उघडी करावी. कित्येकदा वरून सपाट दिसणाऱ्या मेणबत्तीच्या पोटातही अशी पोकळी असते आणि जळताना ती अचानक उघडी पडते. मेण पुरते घट्ट झाले, की मागे ठेवलेले मेण पहिल्या वेळेपेक्षा चार-पाच अंश अधिक गरम करून तेवढ्याच खळगीत भरावे. ते कोमट असले तर खालच्या मेणाशी एकजीव होत नाही आणि आपल्याला दिसला तसा थर दिसतो. पहिल्या पातळीच्या वर गेले, तर काच आणि मेण यांच्यामधल्या फटीतून खाली उतरते.

ते चंदेरी डाग म्हणजे मेणाने काच सोडल्याच्या जागा होत. आत ओल असल्याचा भास होतो, प्रत्यक्षात तिथे हवेचा पातळ पापुद्रा असतो. गेल्या जानेवारीत मी एकाच पातेल्यातले मेण दोन सारख्या ग्लासांत ओतून पाहिले. एक ग्लास खिडकीजवळ उघड्या शहाबादी फरशीवर ठेवला आणि दुसरा लाकडी पाटावर ठेवून त्यावर पुठ्ठ्याचे खोके पालथे घातले. सकाळी फरशीवरच्या ग्लासाच्या तळापासून पिंपळपानाएवढे दोन डाग वर चढलेले होते, तर पाटावरच्या ग्लासात कडेला नखाएवढा एकच डाग होता. खानदेशात हिवाळ्यात दुपार आणि पहाट यांच्या तापमानात मोठे अंतर पडते, म्हणून रात्री उशिरा मेण ओतणे टाळावे. ग्लास धुऊन पूर्ण कोरडे करावेत, ओतण्यापूर्वी हाताला कोमट लागतील इतके गरम करावेत, एकमेकांपासून वीतभर अंतरावर मांडावेत आणि पंखा बंद ठेवावा. एवढे करूनही आठवड्याभराने एखादा डाग उमटलाच, तर त्याची खंत करू नये, कारण जळण्यावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. मात्र ग्लास जाड बुडाचे आणि उष्णता सोसणारे असावेत. टवका उडालेला ग्लास कितीही सुंदर असला तरी वापरू नये.

प्रश्न : सोया मेणाच्या माझ्या गुलाबी मेणबत्त्यांवर दोन दिवसांत मिठासारखा पांढरा फुलोरा आला. मेणात भेसळ आहे, असे एका ग्राहकाने सांगितले. त्यांना काय उत्तर द्यावे?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : भेसळ नाही, असे निःशंक सांगावे. सोया मेण हे सोयाबीनच्या तेलापासून केलेले घट्ट स्निग्ध द्रव्य आहे, आणि तूप जसे रवाळ होते तसे या मेणाचेही स्फटिक बनतात. हे स्फटिक पृष्ठभागावर आणि काचेलगत दिसू लागले, की रंगाच्या पार्श्वभूमीवर ते पांढरे उठून दिसतात. बिनरंगी मेणबत्तीतही ते असतात, केवळ नजरेत भरत नाहीत. म्हणून विक्रीसाठी करायच्या सोया मेणबत्त्या बिनरंगी किंवा अगदी फिकट रंगाच्या ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. मेण साधारण ५५ ते ६० अंशांपर्यंत उतरू देऊन बारीक धारेने ओतल्यास आणि पुढचे काही दिवस तापमान फार वरखाली होऊ न दिल्यास फुलोरा कमी होतो. हेअर ड्रायरच्या गरम झोताने वरचा पातळ थर वितळवला तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पण काचेलगतचा फुलोरा त्याने जात नाही आणि वरचाही पुन्हा येऊ शकतो.

प्रश्न : मे महिन्यात माझ्या सुगंधी मेणबत्त्यांवर तेलाचे थेंब जमले. त्या पत्र्याच्या खोलीत ठेवल्या होत्या.
— एक वाचक, शहादा

उत्तर : आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याखाली त्याहून अधिक तापते. काचेत ओतायची मऊ मेणे साधारण याच सुमारास ढिली पडू लागतात, आणि मग त्यांना सामावून ठेवता न आलेले सुगंधी तेल वर येते. १०० ग्रॅम मेणाला ६ ते ८ ग्रॅम तेल पुरते. ते चमच्याने न मोजता वजनकाट्यावर मोजावे आणि गरम मेणात दोन मिनिटे हलक्या हाताने ढवळावे. जोरात ढवळल्यास बुडबुडे धरतात. अल्कोहोलयुक्त स्प्रेचे अत्तर मेणात कधीही घालू नये, ते भडकण्याचा धोका असतो. तयार मेणबत्त्या तळमजल्यावर, कपाटाच्या खालच्या खणात, झाकण लावून ठेवाव्यात. फ्रीजमध्ये ठेवल्यास चिरा पडतात आणि बाहेर काढल्यावर दव धरते. आलेले थेंब मात्र पेटवण्यापूर्वी कागदाने टिपून घ्यावेतच.

प्रश्न : मेणबत्ती मधोमध विहिरीसारखी जळत जाते आणि कडेचे मेण तसेच उरते. निरांजनाची वात वापरली आहे.
— एक वाचक, धुळे

उत्तर : निरांजनाची वात तेल-तुपासाठी आहे. मेणबत्तीला विणलेली सुती वात लागते, कारण ती जळताना टोकाशी वाकते आणि ज्योतीच्या कडेला जळून जाते. फ्रान्समध्ये १८२५ साली काम्बासेरेस यांनी अशी वात आणली, तेव्हापासून काजळी कातरत बसण्याचे काम पुष्कळ हलके झाले. वात ग्लासाच्या रुंदीला पुरेशी जाड हवी, आणि पहिल्यांदा पेटवाल तेव्हा कडेपर्यंतचे मेण वितळेपर्यंत ती विझवू नये. सध्याची विहीर बुजवण्यासाठी ग्लासाच्या तोंडाला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळून मध्ये रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठे भोक ठेवावे आणि कडेचे मेण वितळेपर्यंत समोर बसून राहावे. ग्लास बराच तापतो, म्हणून त्याला हात लावू नये. पेटत्या मेणावर पाणी टाकू नये. ज्योत विझवायची असल्यास वरून झाकण ठेवावे, आणि मेण गोठल्यावर वात ५ मिलिमीटरवर कातरावी.