वाचकांचे प्रश्न : परराज्यातली शिकार आणि टॅगचे चढे दर

प्रश्न : अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात एल्कचं (मोठ्या जातीच्या हरणाचं) लायसन्स, म्हणजे टॅग, तिथल्या रहिवाशाला 57 डॉलरना मिळतं, मला 692ना. ‘स्पेशल’ अर्ज केला तर 1,950. हे कायद्यात बसतं का? आणि स्पेशलचे पैसे भरण्यात अर्थ आहे का? – एक वाचक, डॅलस

उत्तर : बसतं. मोंटानाच्या अशाच दरांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तिथे रहिवाशाला नुसत्या एल्कसाठी 9 डॉलर पडत. बाहेरच्याला 225 डॉलरचं एकत्रित लायसन्सच घ्यावं लागे, सुटं मिळत नसे. हौसेची शिकार हा परराज्यातल्या माणसाचा मूलभूत हक्क नाही, असा निकाल 1978 साली लागला. 2005 मध्ये अमेरिकी काँग्रेसनेही (संसदेनेही) राज्यांच्या या अधिकारावर शिक्का मारला. तेव्हा कोर्टाची आशा सोडा. दर ठरवणाऱ्यांना मतं स्थानिकांची हवी असतात आणि तुम्ही तिथले मतदार नाही. मोंटानात तर 2010 मध्ये मतदारांनीच कौल देऊन बाहेरच्यांचं बिग गेम कॉम्बिनेशन (मोठ्या शिकारीचं एकत्रित लायसन्स) 628 वरून 897 डॉलरवर नेलं आणि पुढची वाढ महागाईशी बांधून टाकली.

आता स्पेशल. वायोमिंगचा स्पेशलचा हा दर 2024 पासूनचा. प्राणी तोच, क्षेत्र तेच, हंगामही तोच. बाहेरच्यांना सोडतीने मिळणाऱ्या टॅगपैकी 40 टक्के स्पेशल अर्जदारांसाठी ठेवलेले असतात, बाकीचे साध्या अर्जांना. जादा 1,258 डॉलरमध्ये तुम्ही फक्त वेगळ्या रांगेत उभे राहता, आणि काही क्षेत्रांत ती रांग मुळीच लहान नसते. गेम अँड फिश (शिकार व मासेमारी) खात्याच्या साइटवर मागच्या सोडतीचे आकडे असतात. हव्या त्या क्षेत्राला दोन्ही रांगांत किती पॉइंट (दरवर्षी साठवायचे प्राधान्य-गुण) लागले ते शेजारी-शेजारी ठेवून पाहा. सारखेच असतील तर साधा अर्ज करा.

अर्जाचे 15 डॉलर परत मिळत नाहीत. पॉइंट वर्षाला 52 डॉलर, म्हणजे दहा वर्षांत 520, आणि तोवर लायसन्सचा दर कुठे गेलेला असेल कोण जाणे! आमच्या मते चार-पाच पॉइंटांत मिळणारं क्षेत्र गाठावं. वीस पॉइंटांच्या स्वप्नामागे लागू नये. आणि एखाद्या क्षेत्राची सोडत संशयास्पद सोपी वाटली तर नकाशा उघडा. संघीय विल्डरनेसमध्ये (केंद्र सरकारने राखलेल्या रानात) बाहेरच्याला गाइड किंवा तिथला रहिवासी सोबत असल्याशिवाय मोठी शिकार करता येत नाही. टॅग लागतो, पण पाय ठेवायला जागा उरत नाही.

प्रश्न : स्वस्तातला काही मार्ग? – एक वाचक, सॅन होजे

उत्तर : शिंगांचा हट्ट सोडा. वायोमिंगमध्ये एल्क मादीचा सवलतीचा टॅग 288 डॉलर, प्राँगहॉर्न (हरणासारखा प्राणी) मादीचा 34, आणि त्यात साठवलेले पॉइंट खर्ची पडत नाहीत. मात्र यांतले बरेच टॅग खासगी कुरणांच्या पट्ट्यातले असतात. अर्जाआधीच जमीनमालकाची परवानगी मिळवा किंवा खात्याची वॉक-इन क्षेत्रं (शिकाऱ्यांना पायी जायला मोकळी केलेली जमीन) शोधून ठेवा. ऐनवेळी दुकानातून टॅग उचलायचे दिवस मात्र सरत चाललेत : कोलोरॅडोत आय-25 महामार्गाच्या पश्चिमेला धनुष्याने एल्क मारायचा टॅगही बाहेरच्यांना 2025 पासून सोडतीतूनच मिळतो.

प्रश्न : मी एच-1बी व्हिसावर आहे. रायफल बाळगता येईल का? – एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : एरवी नाही. पण अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू शिकार-लायसन्स जवळ असेल तर संघीय कायदा सूट देतो. लायसन्स संपलं की सूटही संपली, मग रायफल कपाटात असली तरी गुन्हाच. टेक्ससचं वार्षिक लायसन्स 31 ऑगस्टला संपतं, नवं त्याआधी घ्या. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही, आणि धनुष्यालाही नाही. 1966 किंवा नंतरचा जन्म असेल तर वायोमिंगसाठी हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्रही लागेल.

प्रश्न : टॅग नेमका केव्हा लावायचा? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : जनावर पडलं ती जागा सोडण्यापूर्वी. वायोमिंगमध्ये लायसन्ससोबतच्या कूपनवर (हाच तो टॅग) पेनाने तारीख लिहून भागत नाही. दिवस आणि महिना पूर्ण कापून काढायचे, सही करायची, कूपन सुटं करून जनावराला बांधायचं. पाठीवर मांस वाहून आणताना ते गळून पडेल असं वाटलं तर खिशात ठेवता येतं, पण मांसासोबत चालणाऱ्याच्याच खिशात. आधी गाडीपाशी गेलेल्या मित्राकडे ते राहिलं आणि वॉर्डन (शिकारीवर देखरेख ठेवणारा अधिकारी) भेटला, तर दंड तुमच्या नावावर.