स्लो कुकरमध्ये वीस जणांसाठी गरम चिकन सँडविच करता येतील का?

येतील, आणि छान होतील. स्लो कुकर म्हणजे मंद उष्णतेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं. तुम्ही लिहिलंय की चिकनचा चोथा होतो आणि पाव भिजून तुटतो. चोथा होतो तो ब्रेस्टमुळे, म्हणजे छातीच्या मांसामुळे, पाव भिजतो तो पाण्यामुळे.

इथे नाशिकला चिकनवाल्याकडे ‘लेग बोनलेस’, म्हणजे हाडं काढलेलं मांडीचं मांस मागा. वीस पावांना दीड किलो पुरतं. मांडीच्या मांसात चरबी जास्त असल्याने ते तासन्‌तास शिजूनही मऊ राहतं, ब्रेस्ट तेवढ्या वेळात कोरडं पडतं. चिकन फ्रीझरमधून थेट स्लो कुकरमध्ये टाकू नका. भांडं हळूहळू तापतं, त्यामुळे मांस बराच वेळ कोमट राहतं आणि जंतू वाढतात.

स्लो कुकर शिजवतो, पण खमंग परतत नाही. म्हणून तीन मोठे कांदे आणि आलं-लसूण आधी गॅसवर तेलात लालसर परतून घ्या. ही पायरी गाळली तर चव दवाखान्यातल्या जेवणासारखी लागते. मग चिकन, मीठ, भरपूर मिरपूड आणि अर्धी वाटी पाणी, बस्स. झाकणाखालची वाफ बाहेर जात नाही आणि चिकनलाही पाणी सुटतं, त्यामुळे प्रेशर कुकरच्या भाजीच्या अंदाजाने पाणी घातलं की रस्सा झालाच समजा. बटण ‘लो’वर, म्हणजे मंद उष्णतेवर ठेवून पाच तास शिजू द्या. मध्ये झाकण उघडू नका, उष्णता निघून जाते आणि वेळ वाढतो. थर्मामीटर असेल तर मांसाच्या आत ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवं.

शिजलं की दोन काट्यांनी तिथेच तंतू सोडवा. अमेरिकेत ओहायोकडे असं सँडविच फार आवडीने खातात आणि त्यात खारट क्रॅकर्सचा चुरा घालून मिश्रण दाट करतात. आपल्याकडे मोनॅकोसारख्या बिस्किटांचा चुरा चालतो. वाटीभर चुरा थोडा थोडा घाला, दहा मिनिटं थांबा, मगच आणखी हवा का ते ठरवा. मीठ बिस्किटातही असतं, हे सुरुवातीलाच धरून चाला. साय किंवा दूध घालायचं तर आता, आधी घातलं तर फाटतं. मी अर्धा चमचा काळा मसालाही घालते. मूळ पदार्थात तो नाही, पण आपल्या जिभेला तो हवाच.

लादी पाव बेकरीतून त्याच दिवशीचा आणा, लोण्यावर आतून भाजा आणि माणूस ताट घेऊन समोर आल्यावरच भरा. आधी भरून ठेवले की भिजलेच. तोवर मिश्रण ‘वॉर्म’वर, म्हणजे नुसतं गरम ठेवणाऱ्या बटणावर राहू द्या, तिथे ते ६० अंशांच्या वर राहायला हवं.

वीज जाण्याची धास्ती असेल तर कुकरच्या तळाशी लिहिलेले वॅट बघा. साधारण दोनशे-अडीचशे असतात, घरचा इन्व्हर्टर तेवढं ओढतो. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी कढईत मोठ्या आचेवर वाफ येईपर्यंत गरम करा. त्या कामाला स्लो कुकर नको.