पहिली एअर रायफल (.१७७, स्प्रिंगवाली) घेतली, राहतो नागपुरात. सफाईला काय काय आणू?

नायलॉनची पुल-थ्रू दोरी (नळीतून ओढायची), जुन्या बनियनच्या चिंध्या आणि बंदुकीच्या पातळ तेलाची छोटी बाटली, एवढंच आणा. पितळी ब्रशचा मोठा किट काडतुसाच्या रायफलीसाठी असतो. तुमच्या नळीत बारूद जळतच नाही, छर्‍याच्या शिशाचा पातळ थर तेवढा बसतो. रायफल रिकामी आहे हे आधी बघा. मग दोरीला चिंधी लावून ती ब्रीचकडून (छर्रा भरायच्या मागच्या टोकाकडून) तोंडाकडे ओढा, चिंधी स्वच्छ निघाली की पुरे. हे रोज नको, नेम पसरायला लागला की करायचं. दुकानदार फेल्टचे (नमद्याचे, नळी पुसायचे) छरे गळ्यात मारेल, पण ते स्प्रिंग रायफलीतून नुसते झाडू नका: वजनच नसल्यानं पिस्टनसमोर हवा अडत नाही, तो थाडकन आदळतो नि सील, स्प्रिंग दोन्ही खराब होतात. तेल चिंधीवर थेंबभर घेऊन बाहेरच्या लोखंडालाच पुसा. ट्रान्सफर पोर्टमध्ये (पिस्टनची हवा नळीत जाते त्या भोकात) शिरलं तर दाबानं पेटतं, फटाक्यासारखा आवाज येतो, धूर निघतो. आणि मे महिन्यात कूलरच्या खोलीत ठेवू नका, ती दमट हवा पावसाळ्याइतकाच गंज धरवते. पीसीपी रायफल (आधीच दाबून भरलेल्या हवेच्या टाकीवर चालणारी) असेल तर गोष्ट वेगळी: तिच्या ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला) फक्त सिलिकॉन ग्रीस, हे तेल अजिबात नाही.