नाजूक हस्ताक्षराचा मराठी फॉन्ट कुठे शोभतो?

बाळाच्या बारशाची पत्रिका हाताने लिहिल्यासारखी दिसावी, त्यासाठी कोणता फॉन्ट घ्यावा आणि सगळा मजकूर त्यातच लावावा का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं पत्रिका मांडते आहे. तुम्हाला मी 'कलम' सुचवेन, त्यातही त्याचा सर्वांत बारीक प्रकार, 'लाइट'. सगळा मजकूर मात्र त्यात लावू नका.

'कलम' हा इंडियन टाइप फाउंड्रीचा २०१४ सालचा फॉन्ट. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशा तीन जाडींत आहे. अक्षरं उजवीकडे कललेली, बॉलपेनने भरभर पण जपून लिहिल्यासारखी. बारीक असूनही ती वाचता येतात. बोरूच्या अक्षरातला जाड-बारीक डौल इथे नाही. मावशीने वहीच्या पानावर चिठ्ठी लिहावी तसा घरगुतीपणा आहे, आणि बारशाला मला तोच आवडतो.

म्हणून बाळाचं नाव, वर दोन ओळींची कविता आणि खाली 'नक्की या हं!' एवढंच यात लावा. तारीख, वेळ, पत्ता साध्या, सरळ फॉन्टमध्ये. आजोबांना चष्मा लावूनही पत्ता वाचता येत नसेल तर काय उपयोग? १४ पॉइंटच्या खाली मी हा लाइट कधीच नेत नाही.

एक चूक फार जण करतात. शब्द ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवतात. इंग्रजीत ते चालतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. मोकळीक हवी तर दोन ओळींमध्ये द्या. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकणार नाहीत.

छापताना रंग जपून निवडा. मी एकदा बारीक अक्षरं तपकिरी रंगात दिली होती. तो रंग ठिपक्यांनी बनतो, त्यामुळे प्रत्येक रेघ खरखरीत आली आणि सगळ्या पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. तेव्हापासून बारीक अक्षर मी पूर्ण काळ्या शाईतच देते. गडद छापलेल्या पार्श्वभूमीत पांढरी अक्षरं नकोत, रेघा शाईने बुजतात. हातकागदावरही रेघ फुटते. नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर रंगाची ही अडचण नाही, मात्र मागे फोटो ठेवू नका.

बाळाचं नाव श्लोक किंवा शलाका असेल तर आधी टाइप करून बघा. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये 'श' आणि 'ल' हिंदी वळणाचे उमटतात आणि आपल्या डोळ्याला ते लगेच खटकतं. तसं झालं तर सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडा. फॉन्टमध्ये मराठी वळण दिलेलं असेल तर ते तेव्हा येतं.