गच्चीवरचा मुन्नाभाई आणि खालच्या मजल्यावरचे काका

प्रश्न: 2 ऑक्टोबरला सोसायटीच्या गच्चीवर पडदा लावून 'लगे रहो मुन्नाभाई' दाखवायचं ठरलं, ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे पण दिले. आणि मग खालच्या मजल्यावरच्या काकांनी एकच मेसेज टाकला, "ज्याच्या घरात एके-56 होती त्याच्याकडून गांधी शिकायचा का?" झालं, दोन पार्ट्या पडल्या. दुसरी पार्टी म्हणते एवढा मोठा कलाकार, झालंगेलं सोडा की. मी कमिटीत आहे. कलाकार चांगला असला की गुन्हा माफ असतो का हो?
- एक वाचक, ठाणे

उत्तर: काकांना लगेच गप्प करू नका, त्यांच्या प्रश्नात दम आहे. 12 मार्च 1993 च्या स्फोटांत मुंबईत 257 माणसं गेली आणि त्याच खटल्यात संजय दत्तवर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा सिद्ध झाला. कटात तो नव्हता, हे टाडा (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) कोर्टानेच 2006 मध्ये सांगितलं, तेही धरायलाच हवं. गंमत म्हणजे तुमचा मुन्नाभाई त्याच वर्षी थिएटरात होता.

पुढे मार्च 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने गुन्हा कायम ठेवला आणि शिक्षा 6 वरून 5 वर्षांवर आणली. तेव्हा प्रेस काउन्सिलचे अध्यक्ष असलेले न्यायमूर्ती काटजू राज्यपालांना म्हणाले याला माफी द्या, आणि कारणं काय तर बायको आहे, दोन लहान मुलं आहेत, सुनील दत्त-नर्गिसनी समाजकार्य केलंय, आणि (इथे मी अडकते) याने सिनेमातून गांधीजींची आठवण ताजी केली. म्हणजे तुमच्या गच्चीवरचाच वाद, फक्त राजभवनात.

आता त्याच खटल्यातल्या जैबुन्निसा काझी बघा. सत्तरीची बाई, घरात हत्यारं ठेवून घेतली म्हणून तिलाही 5 वर्षं. काटजूंनी नंतर तिच्यासाठीही माफी मागितली, हे खरंय. पण अर्जात लिहायला तिच्याकडे सिनेमा कुठला असणार? म्हातारपण आणि आजारपण, बस. एकाच खटल्यात एकाला डायलॉग पाठ असतात म्हणून सूट मिळाली तर दुसरीला काय तोंड दाखवायचं, हे कुणी मला समजावून सांगावं. संजय दत्त स्वतः मात्र तेव्हा घराबाहेर बहिणीच्या शेजारी उभा राहून, रडत रडत का होईना, म्हणाला की मी माफीसाठी अर्ज करणार नाही. त्याचे फॅन जेवढं बोलले त्यापेक्षा हे बरंच शहाणपणाचं होतं. 2015 मध्ये राज्यपालांनीही माफी नाकारली.

आधी तुरुंगात काढलेले 18 महिने वजा जाता उरलेल्या शिक्षेसाठी तो मे 2013 मध्ये शरण आला, येरवड्यात कागदी पिशव्या केल्या आणि फेब्रुवारी 2016 मध्ये सुटला. मधल्या पॅरोलवरून पुण्यात निदर्शनं झाली, आणि साध्या कैद्याचा अर्ज इतक्या पटकन हलतो का ही शंका मलाही आहेच. पण हिशोब कोर्टात झाला, तिकीटबारीवर नाही, म्हणून सिनेमा दाखवायला मला काहीच अडचण वाटत नाही. शिक्षा चुकवून पळालेला असता तर माझं उत्तर वेगळं असतं.

आणि तो सिनेमा एकट्या मुन्नाचा आहे का? राजू हिरानींचा आहे, लिहिणाऱ्यांचा आहे, आणि त्यातले गांधीजी तर आपले दिलीप प्रभावळकर, ज्यांना त्यासाठी नॅशनल अवॉर्ड मिळालं. एकासाठी सगळ्यांना डब्यात बंद कशाला करायचं.

तेव्हा पडदा लावा, पण 'मोठा कलाकार आहे, सोडा' हे वाक्य तेवढं ग्रुपवरून काढा. आणि इंटरव्हलला वडे वाटायच्या आधी काकांना पाच मिनिटं माइक द्या, त्यांना काझींबद्दल बोलायचं असेल तर बोलू द्या.