पाठीला बाक आणि जिवाला दम

प्रश्न : सासूबाई 74 वर्षांच्या आहेत. जन्मभर कापूस वेचला, आता पाठ पार वाकली आहे. वर्षभरापासून ओट्यापर्यंत चाललं तरी दम लागतो, जेवल्यावर जास्तच. दम्याचा पंप देऊन पाहिला, फरक नाही. गल्लीतले लोक पाठ चोळून 'सरळ' करणाऱ्या एका माणसाकडे न्या म्हणतात. न्यावं का?
*– एक वाचक, चोपडा तालुका*

उत्तर : मुळीच नेऊ नका. म्हातारपणी पाठ वाकते ती नुसत्या वाकून केलेल्या कामाने नव्हे. पाठीचे स्नायू सैलावतात, मणक्यांमधल्या चकत्या झिजतात आणि पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होऊन मणके पुढून दबतात, पाचरीसारखे होतात. हे दबणं पुष्कळदा दुखतही नाही, त्यामुळे घरात पत्ता लागत नाही. अशा पाठीवर कुणी गुडघा रोवून हिसका दिला, तर आणखी एखादा मणका बसायचा.

पाठ खचली की बरगड्या खाली कमरेच्या हाडाकडे येतात, छातीला फुलायला जागा उरत नाही आणि पोट वर रेटलं जातं. त्यात भरीत-भाकरी पोटभर झाली, तर श्वासाचा पडदा खाली सरकतच नाही. पंप श्वासनळ्या रुंद करतो; अडचण छातीच्या पिंजऱ्यात असेल तर तो काय करणार? तरी तो आपल्या मनाने बंद करू नका. वर्षानुवर्षं पऱ्हाटीच्या चुलीपुढे बसलेल्या बाईच्या नळ्याही बिघडलेल्या असू शकतात.

हे वेगळं काढायला स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात जोराने फुंकून श्वासाचं माप घेण्याची तपासणी, करा. तिथे एक गफलत हमखास होते. यंत्रात उंची भरावी लागते, आणि वाकलेल्या माणसाची आजची उंची भरली की अपेक्षित आकडा लहान निघतो. फुफ्फुसं आहेत त्यापेक्षा बरी दिसतात. म्हणून दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं माप घ्यायला सांगा. तरुणपणच्या उंचीच्या ते जवळ असतं. सोबत पाठीचा बाजूने घेतलेला एक्स-रे आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करा. बारीक ताप, वजनात घट, रात्री ठणकणारी पाठ असं काही असेल तर मणक्याचा क्षयरोगही (टीबी) तपासायला हवा.

घरी जेवण पाच-सहा वेळा थोडंथोडं द्या, जेवल्यावर दोन तास आडवं होऊ देऊ नका. खुर्चीत ताठ बसवून हात खालच्या बरगड्यांवर ठेवायला सांगा. नाकाने श्वास घेताना बरगड्या बाजूला सरकल्या पाहिजेत. दहा श्वास, दिवसातून तीनदा. चक्कर आली तर थांबा. पायाचे अंगठे धरायचे व्यायाम नकोत, पुढे झुकून हंडा-कळशी उचलणंही नको.

सकाळी डोकं जड आणि दिवसभर गुंगी असेल, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असेल. अशा वेळी घरी ऑक्सिजनचं मशीन आणून परस्पर लावणं धोक्याचं. आधी धमनीच्या रक्ताची तपासणी. दम एकाएकी वाढला, ओठ निळसर पडले किंवा आडवं झाल्यावर जीव घाबरू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पायावर नव्याने सूज दिसली तर हृदयही तपासून घ्या.

प्रश्न : कमरेचा पट्टा बांधला तर?

उत्तर : मणका नुकताच दबून दुखत असेल तर थोडे आठवडे, डॉक्टरांनी सांगितलेलाच. एरवी घट्ट पट्ट्याने पोट वर दाबलं जातं, दम वाढतो आणि पाठीचे स्नायू आणखी सुस्तावतात.