तयार पीसी घेण्याआधी पॉवर सप्लाय विचारा

तयार पीसीची जाहिरात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची नावं मोठ्या अक्षरांत सांगते. काटकसर होते ती न लिहिलेल्या भागांत. म्हणून थेट विचारा: पॉवर सप्लाय (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) कोणत्या कंपनीचा, किती वॉटचा? रॅम १६ जीबीची एकच पट्टी की ८-८ च्या दोन? एकाच पट्टीवर मेमरी सिंगल चॅनलमध्ये, म्हणजे दोनऐवजी एकाच मार्गाने चालते आणि गेम अडखळू शकतो, विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर. मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात तो मुख्य बोर्ड) आणि पॉवर सप्लाय कंपनीच्या स्वतःच्याच मापाचे असतील तर तो पीसी घेऊच नका. पुढे एक भाग बदलायला गेलात की कॅबिनेटसकट सगळंच बदलायची वेळ येते.

तयार पीसी कधी घ्यावा? त्याच भागांच्या सुट्या बेरजेपेक्षा किंमत फारशी जास्त नसेल आणि बिघाड शोधत बसायला वेळ नसेल, तेव्हा. वॉरंटी एकाच ठिकाणी मिळते.

स्वतः जोडणं अवघड नाही, फक्त घाई नको. रॅमचे चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. प्रोसेसरची ८ पिनची वायर विसरलात की पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो. कूलरखालची प्लास्टिकची फिल्म काढा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डाला लावा. मग बायॉसमध्ये (मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारा पर्याय, चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगानेच चालत राहील. बोर्डाचं मॉडेल प्रोसेसरपेक्षा जुनं असेल तर बायॉसची आवृत्ती तो प्रोसेसर ओळखते का हे खरेदीआधीच तपासा.